कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज, आमची एफसी आणि एकोणीस महिने

आधीच सांगून टाकतो, माझी जुनी महिंद्रा एफसी पिकअप ज्यांनी परत उभी केली त्या गॅरेजला पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो वेळेचा आणि वायरिंगचा, पत्रा आणि इंजिनच्या कामाला मी बोट लावणार नाही. आणि ज्यांना जुनी गाडी लग्नात नवरदेव बसवायला किंवा रील करायला चकाचक करून पाहिजे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, कारण हे गॅरेज तुमच्यासाठी नाही आणि मिस्त्री तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. मला पण जवळपास पाठवलंच होतं.

गॅरेजचं नाव देत नाहीये. मिस्त्रींना विचारलं होतं, असं असं लिहितोय म्हणून, तर म्हणाले "नाव नका टाकू सायब, हाय त्याच गाड्या व्हईनात, आनी चार मानसं फोन करत्याली." आत्ता दारात पाच गाड्या लाईनीत आहेत त्यातल्या दोन जीप आणि एक जुनी पद्मिनी, त्यामुळे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. उद्यमनगरात जाऊन जुन्या जीपचं काम कोण करतं असं कुठल्याही लेथवाल्याला विचारा, बोट दाखवतील. सोमवारी जाऊ नका, बंद असतं.

आता गाडी. आमची गाडी म्हणजे महिंद्राची एफसी १५०, १९६९ ची. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे नाक नसलेली पिकअप, ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मध्ये एका पत्र्याच्या खोक्याखाली असतं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, जीपच्या चासीवर कुणीतरी पाण्याची टाकी उभी करून तिला डोळे लावलेत असं दिसतं. हिची मूळ गाडी अमेरिकेतली, विलीज कंपनीने १९५६ च्या शेवटी काढली, डिझाइन ब्रुक्स स्टीव्हन्सचं, म्हणजे ज्याने त्यांची ती स्टेशन वॅगन आणि नंतरची वॅगोनीर काढली तोच माणूस. चाकं ८१ इंचांच्या अंतरावर, बुटकी गाडी, पण हौदा लांब मिळावा म्हणून ड्रायव्हरला उचलून पुढे नेऊन बसवला. तिकडे ती फारशी चालली नाही, १९६५ ला बंद केली, आणि साधारण त्याच सुमारास आपल्याकडे महिंद्राने ती बनवायला घेतली आणि मग पुढे वर्षानुवर्षं एफसी १६०, २६० करत चालवली. माझ्या लहानपणी कारखान्याची, दवाखान्याची, पाणीपुरवठ्याची, सगळीकडे ही गाडी. आता एक शोधायला गेलात तर दोन वर्षं जातील, कारण सगळ्या भंगारात गेल्या, पत्रा जाड होता ना, किलोवर भाव चांगला यायचा.

आमची गाडी एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती खात्याची, तिथून लिलावात एका शेतकऱ्याने घेतलेली, त्याच्याकडून मी घेतली. ९०,००० ला. बायको म्हणाली एवढ्यात नवीन स्कूटर आली असती. मी सहकारी बँकेत आहे, कर्जाच्या फायली बघून बघून आपण कुठला व्यवहार तोट्याचा आहे हे लांबून ओळखतो, तरी पण हा केला, त्यामुळे त्या मुद्द्यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

इथे एक मधला किस्सा सांगितला पाहिजे नाहीतर मिस्त्रींची किंमत कळणार नाही. गाडी आधी मी आमच्या गावातल्याच एका गॅरेजला दिली होती. मोठं बोर्ड, आत टाइल्स, "रिस्टोरेशन अँड मॉडिफिकेशन", भिंतीवर मोठे मोठे टायर लावलेल्या थारचे फोटो. त्यांनी मला मोबाईलवर चित्रं दाखवली, मॅट काळा रंग, पुढे एलईडीची पट्टी, मागे रोलबार, आत लाल डायमंड शिलाईच्या सीटा, आणि मी हो हो म्हणत गेलो कारण खरं सांगायचं तर त्यावेळी मला पण तेच भारी वाटत होतं. ६०,००० ॲडव्हान्स दिला. आठ महिने गाडी मागच्या बाजूला उघड्यावर, एक पावसाळा अंगावर घेतला तिने, आणि परत आणली तेव्हा पुढच्या एका हेडलाईटची रिंग गायब होती. ती रिंग आज कुठे मिळत नाही. एवढं बोलून तो विषय सोडतो, आठवलं की बीपी वाढतो.

मग एका लेथवाल्याने उद्यमनगराचा पत्ता दिला. गाडी टेम्पोत घालून नेली. मिस्त्री साठीच्या पुढचे, अंगात खाकी हाफ शर्ट, चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली. गाडी खाली उतरवायच्या आधीच टेम्पोवर चढले, खिशातून लोहचुंबक काढलं, जुन्या स्पीकरमधलं गोल चुंबक असतं ना ते, त्याला दोरा बांधलेला, आणि दरवाजाच्या खालच्या बाजूला सोडलं. चिकटलं नाही. थोडं वर सोडलं, चिकटलं. असं करत करत खडूने गाडीवर रेघ ओढत गेले. दहा मिनिटांत गाडीच्या चारी बाजूंनी एक वाकडी तिकडी पांढरी रेघ तयार, नकाशावर नदी काढतात तशी. मग म्हणाले, "सायब, ह्या रेघंच्या वरची तुमची गाडी. खालची लांबी हाय. निस्ती लांबी."

लांबी म्हणजे पुट्टी, पेंटर भरतात ती. पायदानापाशी एका ठिकाणी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर जवळजवळ पाऊण इंच आत गेला आणि आतून लांबीबरोबर वर्तमानपत्राचा बोळा आला. कागदाचा बोळा! कधीतरी कुणीतरी भोकात पेपर कोंबून त्यावर लांबी फासून रंग मारून गाडी विकलेली. मी तो बोळा घरी आणला, उलगडून वाचायचा प्रयत्न केला, काही नाही, नुसते टेंडरच्या जाहिरातींचे तुकडे.

मी मॅट काळा, एलईडी वगैरे बोलायला लागलो तर त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले हे आम्ही करत नाही, तुम्ही दुसरीकडे बघा. म्हणजे चिडून नाही, अगदी सरळ. मी म्हटलं मग काय करता? तर म्हणाले "पत्रा, इंजिन, चासी. दिसत न्हाई ते सगळं करतो. दिसायचं काय ते नंतर तुमचं तुम्ही करा." आणि इथेच मला वाटलं की गाडी इथेच ठेवायची. जो माणूस गिऱ्हाईकाला तोंडावर नाही म्हणतो तो काम करत असणार असा माझा बँकेतला अनुभव. पुढच्या एकोणीस महिन्यांत त्यांनी मला अजून बऱ्याच वेळा नाही म्हटलं, आणि मला वाटतं मी पैसे दिले ते खरं तर त्या नाहींचेच.

पहिली नाही सँडब्लास्टिंगची. मी इंटरनेटवर बघून गेलेलो की पूर्ण बॉडी ब्लास्ट करून घ्यायची, कोल्हापुरात तर फौंड्र्यांमुळे ब्लास्टिंगवाले ढिगाने. मिस्त्री म्हणाले चासी पाठवू, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) पाठवू, ॲक्सलची हाउसिंग पाठवू, पण कॅबिनचा पत्रा एक पण पाठवायचा नाही. कारण पत्र्यावर ब्लास्टिंगचा मारा बसला की तो ताणला जातो आणि सपाट भाग लाह्यांसारखा फुगतो, मग परत त्यावर लांबी भरूनच तो सरळ करावा लागतो, म्हणजे आपण जिथून सुरुवात केली तिथेच. कॅबिन त्यांनी रंग काढायचं केमिकल आणि वायर ब्रशने हाताने खरवडली, त्यालाच सात आठवडे गेले. मी शनिवारी जाऊन बघायचो, एक पोरगा कोपऱ्यात बसून खरवडतोय, कानात हेडफोन.

दुसरी नाही पावडर कोटिंगची. चासीला पावडर कोटिंग करा म्हटलं, टिकतं म्हणून. "वरनं टिकतंय. एक दगड लागला की तडा जातोय आनी आत पानी शिरतंय, वरनं झ्याक दिसतंय आनी आतनं गंज खातोय." चासीला त्यांनी इपॉक्सी प्रायमर आणि साधा काळा चासी पेंट मारला, ब्रशने, काही ठिकाणी ब्रशच्या रेघा दिसतात. खराब झालं की घरी पण मारता येईल म्हणाले. खरंय, मी मागच्या मे महिन्यात एक डाग मारला, १५ मिनिटांचं काम.

पत्र्याचं काम मात्र काय सांगू. पायदानं, दोन्ही चाकांवरच्या कमानी, फ्लोअर, काचेच्या खालची पट्टी, एवढं सगळं नवीन बनवलंय, १८ गेजच्या पत्र्यात. तयार पॅनेल मिळतच नाही या गाडीचं. मिस्त्रींचा भाचा करतो, तिशीतला असेल. मी एक शनिवार पूर्ण तिथे बसून बघितलं. आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, तो पत्र्यावर ठेवून आखला, कापला, मग वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोड्याने मारत मारत गोलाई काढली, प्रत्येक पाच सहा ठोक्यांनंतर उचलून गाडीला लावून बघायचा, परत खाली. हातोड्याचा आवाज आधी बद बद येतो आणि पत्रा ताणत आला की टण टण यायला लागतो, तिथे थांबायचं असं तो म्हणाला. संध्याकाळी चारला ती कमान गाडीला अशी बसली की मध्ये फुटपट्टी जाईना. मग सीओटू वेल्डिंगने टाके टाके मारत जोडली, सलग नाही, एक टाका इथे एक टाका तिकडे, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. शेवटी ग्राइंडर. नंतर मी घरून माझं चुंबक घेऊन गेलो, सगळीकडे चिकटलं. मिस्त्रींनी बघितलं पण काही बोलले नाहीत, नुसते हसले.

आता इंजिन, ही खरी गोष्ट.

गाडी घेतली तेव्हा आत डिझेल होतं, कुठल्यातरी ट्रॅक्टरचं. हे आपल्याकडे फार कॉमन, पेट्रोल महाग झाल्यावर जीप आणि एफसीवाल्यांनी हाताला लागेल ते डिझेल इंजिन आत कोंबलं. कागदावर पेट्रोल, पोटात डिझेल. ते डिझेल चालू केलं की आरसा असा थरथरायचा की मागची गाडी आहे की म्हैस तेच कळायचं नाही. माझा प्लॅन ते काढून बोलेरोचं इंजिन टाकायचा, पॉवर स्टिअरिंग, एसी, सगळं. मिस्त्री म्हणाले नाही. एक तर आरटीओ, आरसी बुकावर जे आहे तेच गाडीत पाहिजे नाहीतर पासिंगला अडकणार, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की कंपनीने जे दिलं त्याच्या विरोधात बदल चालणार नाही. दुसरं म्हणजे त्या कॅबिनमध्ये इंजिन तुमच्या मांडीला लागून आहे, मोठं डिझेल टाकलं तर उन्हाळ्यात तुम्ही चालवणार नाही आणि गाडी परत गोठ्यात जाणार. मग विचारलं, "मूळचं इंजिन कुठं हाय?"

मूळ इंजिन! मला सुचलंच नव्हतं विचारायला. शेतकऱ्याला फोन लावला तर तो म्हणतो आहे की, गोठ्यात वैरणीच्या खाली पडलंय, पाहिजे तर घेऊन जा. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेलो. वैरण बाजूला केली तर एक गंजाचा ठोकळा, वर कोंबडीने घर केलेलं. ब्लॉकच्या पुढे वॉटर पंप बसतो तिथे नंबर ठोकलेला असतो, ती जागा घासली, थुंकी लावून पुसली, आणि आरसी बुकाबरोबर एक एक आकडा जुळवला. सगळे जुळले. मी त्या शेणात उभा राहून बायकोला फोन केला, ती म्हणाली अभिनंदन, अंघोळ करूनच घरात ये.

हे इंजिन म्हणजे विलीजचं हरिकेन, १३४ क्युबिक इंच, आपल्या भाषेत २.२ लिटर, चार सिलिंडर, आणि याची गंमत अशी की इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अर्धं जुनं अर्धं नवं. त्यामुळे इंजिन उंच झालं, आणि आपल्या जुन्या महिंद्रा जीपचं ते उंच बॉनेट जे आपण सगळ्यांनी पोलीस ठाण्याबाहेर बघितलंय ते या इंजिनावर बसवायचं म्हणूनच उंच केलेलं. मला हे मिस्त्रींनी सांगितलं, नंतर मी वाचून खात्री केली, बरोबर आहे. याचा मोठा फायदा म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स यांचं बरंचसं सामान जुन्या जीपचं चालतं, पिस्टन रिंगा अजून मिळतात. अडचण येते ती फक्त एफसीच्याच अशा गोष्टींची, काचेचं रबर, दाराची हँडलं, दिवे. ते मी कुर्ल्याच्या भंगारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून (रविवारी जा, बुधवारी निम्मी दुकानं असतात) आणि एक हँडल चक्क चेन्नईच्या पुदुपेठेतून कुरिअरने मागवलं. हेडलाईटच्या त्या रिंगेचा शोध अजून चालू आहे, कुणाकडे असेल तर सांगा.

इंजिन जाम होतं. डिझेल आणि ब्रेक ऑइलचं मिश्रण सिलिंडरमध्ये ओतून ११ दिवस ठेवलं, रोज संध्याकाळी मिस्त्री लाकडी ठोकळा ठेवून दोन हलके ठोके द्यायचे, जास्त नाही. अकराव्या दिवशी तिसरा पिस्टन हलला. मग शेजारच्याच गल्लीत ब्लॉक बोअर केला, ४० थाउने (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), क्रँक १० थाउने घासली. उद्यमनगराचा हाच फायदा, दोनशे पावलांत बोअरिंगवाला, क्रँक घासणारा, गॅस्केट कापून देणारा, स्प्रिंगवाला, पाटे ठोकणारा सगळे आहेत, पुण्या-मुंबईत याच कामासाठी दिवसभर ट्रॅफिकमध्ये फिरावं लागेल. भिंतीवर खडूने "१८ – १६" लिहिलेलं होतं, मला वाटलं कुणाची तरी उधारी, तर तो टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, गॅप निघाला, इनलेट १८ थाउ एक्झॉस्ट १६, थंड इंजिनला.

पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी मी ऑफिसात होतो, व्हिडिओ कॉल केला भाच्याने. दोन तीनदा फट् फट् झालं, कार्बोरेटरमधून एक भडका, आणि मग एकदम असा मऊ आवाज लागला. त्या डिझेलच्या धडधडीनंतर मला वाटलं बंदच पडलं. मिस्त्रींनी खोक्यावर एक रुपयाचं नाणं उभं करायचा प्रयत्न केला, उभं राहिलं नाही, ते म्हणाले राहील अजून हजार किलोमीटरनंतर. अजून राहिलेलं नाही.

एक गोष्ट ज्याचा विचार मी केला नव्हता आणि त्यांनी केला होता ती म्हणजे पेट्रोल. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि जुन्या गाडीतलं रबर त्याने फुगतं, चिकट होतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, फ्युएल पंपचा पडदा, कार्बोरेटरची वायसरं, एवढं सगळं त्यांनी मला न विचारता इथेनॉल चालेल असं टाकलं आणि बिलात लावलं. २,३०० रुपये. मी आधी भुवया उंचावल्या, मग समजावून सांगितलं तेव्हा गप्प बसलो. गंमत बघा, ज्या साखर कारखान्यांच्या जिवावर ही गाडी जगली तेच आता इथेनॉल काढतात आणि ते हिच्या नळ्या खातंय.

तशीच दुसरी गोष्ट ब्रेकची. मला पुढे डिस्क ब्रेक पाहिजे होते, नाही म्हणाले, पुढचा सगळा नकल (चाक वळवणारा सांधा) बदलावा लागेल आणि तुम्ही ही गाडी साठच्या वर पळवणार नाही. पण मूळचा एकेरी मास्टर सिलिंडर त्यांनी स्वतःहून काढून दुहेरी लावला, म्हणजे एक लाईन फुटली तर दुसऱ्या दोन चाकांना तरी ब्रेक राहील. दिसत नाही, कुणाला दाखवता येत नाही, फ्लोअरच्या खाली आहे. वर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, इंजिनच्या खोक्याला आतून उष्णता अडवणारं अस्तर, दोन सीट बेल्ट, एवढंच काय ते मॉडिफिकेशन. मला विचाराल तर एवढंच पुरे आहे, पण हे आता कळतंय.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर लोक म्हणतील नातेवाईक आहे.

वेळ. सहा महिने सांगितले, एकोणीस लागले. आणि उशीर झाला त्याचं एवढं नाही, पण सांगायची पद्धत! फोन केला की "झालंच की सायब, ह्या आठवड्यात." गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली, "झालंच." ऊस तोडणीच्या सीझनमध्ये तर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांची कामं येतात, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमची गाडी म्हणजे शोकेस, त्यावर डबे ठेवतात जेवणाचे. हे आधी सांगितलं असतं तर मी एवढे फेरे मारले नसते. तुम्ही गाडी टाकणार असाल तर मार्चमध्ये टाका, उसाचा सीझन संपला की.

वायरिंग. हे ते स्वतः करत नाहीत, बाहेरून एक इलेक्ट्रिशियन येतो आणि तो सगळ्यांचा असल्यामुळे कुणाचाच नाही. गाडी घरी आणली त्याच्या चौथ्या दिवशी डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायला लागला. चौकात वळताना प्रत्येक टिक टिकबरोबर पों पों पों, लोक बघतायत, एक आजोबा रागाने बघून रस्ता सोडून उभे राहिले. उघडून बघितलं तर सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, लाल, आणि जोडांना नुसती टेप. मी परत दुसऱ्याकडून पूर्ण हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, करून घेतलं, ते १४,००० वेगळे गेले. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले "त्येचं काम तसंच हाय." मग बोलावता कशाला? यावर उत्तर मिळालं नाही.

रंग. रंग पेंटर चाचा करतात, शेजारचंच शेड, हात चांगला आहे पण बूथ नाही, ताडपत्री बांधून करतात. मूळ रंग चुंबकाच्या रेघेच्या वर एका ठिकाणी बिजागरीच्या मागे सापडला होता, फिकट हिरवा, तोच मॅच करून घेतला आणि सुंदर मॅच झालाय. पण फाळक्यावर दोन ओघळ आहेत आणि डाव्या दारावर क्लिअर कोटच्या खाली एक चिलट कायमचं अडकलंय. माझी मुलगी येणाऱ्या जाणाऱ्याला ते चिलट दाखवते. शोरूम फिनिश पाहिजे असेल तर रंग दुसरीकडे करा, त्यांनाही त्याचं काही वाटत नाही.

आणि काचेचं रबर. पहिल्या पावसात बरोबर क्लच दाबणाऱ्या गुडघ्यावर थेंब. परत नेली, त्यांनी रबर काढून परत बसवलं, पैसे घेतले नाहीत, आता गळत नाही, मात्र हे पाण्याचा पाइप मारून आधीच बघायला काय हरकत होती.

पैशाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. अंदाज दिला होता साडेतीन लाख, झाले ५ लाख ८२ हजार, त्यात पत्रा आणि त्याची मजुरी सगळ्यात जास्त, साधारण दोन लाख, इंजिन एक लाख दहाच्या आसपास, बाकी चासी, ब्रेक, गिअरबॉक्स, टायर, रंग. गाडीचे आणि पहिल्या गॅरेजमध्ये घातलेले पैसे वेगळे. पण हिशेब चोख, एक शंभर पानी वही, प्रत्येक नट बोल्टची नोंद, दुकानाची पावती टाचणीने लावलेली, जुना काढलेला पार्ट पोत्यात भरून परत दिला. मी बँकेतला माणूस, वही तपासली, एका ठिकाणी ४०० रुपयांची चूक निघाली, ती पण माझ्याच फायद्याची होती. सांगितली नाही आधी, मग रात्री झोप येईना म्हणून गुगल पे केले.

चालवायला कशी? पहिला गिअर सिंक्रो नसलेला, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकला तर कर्रर्र करून सगळ्या गल्लीला कळवतो. तीनच गिअर, पंचावन्नला मजेत जाते, साठच्या वर ट्रान्सफर केस (चारी चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) असं किंचाळायला लागतं की तुम्ही स्वतःच पाय काढता. ॲव्हरेज आठच्या आतच. पण समोर बॉनेट नसल्यामुळे रस्ता थेट पायाखाली दिसतो, घाटात वळणावर तर आपण खिडकीत बसून रस्ता बघतोय असं वाटतं, पहिल्यांदा बसलेला माणूस हमखास पाय वर घेतो. आणि पावसाळ्यात काही बिघडलं तर आत बसल्या बसल्या खोकं उघडून दुरुस्त करता येतं, डोक्यावर छप्पर. राधानगरीच्या अलीकडे मी भर पावसात प्लग साफ केले, शेजारी बायको कणीस खात बसलेली.

आरटीओचं थोडक्यात, जुन्या गाडीवाल्यांना उपयोगी पडेल. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आहे, व्हीए अक्षरांची नंबर प्लेट, फी २०,०००, पण त्यात गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढीच बाहेर काढायची. मला हौद्यात आंब्याच्या पेट्या आणायच्यात, त्यामुळे मी साधं नूतनीकरणच केलं, इंजिन नंबर जुळत असल्यामुळे पासिंग पहिल्या फेरीत झालं. इन्स्पेक्टर साहेबांनी स्वतः एक चक्कर मारली, तपासणीपेक्षा जरा जास्तच लांब. फक्त ती नवी हाय सिक्युरिटी प्लेट, एम एच ०९ च्या आधीचा जुना तीन अक्षरी नंबर आणि त्याच्या बाजूला निळ्यात आयएनडी, अगदी आजोबांना जीन्स घातल्यासारखं दिसतं, पण नाइलाज आहे.

जाणार असाल तर दुपारी एक ते तीन जाऊ नका, जेवणाची वेळ, मिस्त्री हौद्यात आडवे झालेले असतात, कुणाच्याही गाडीच्या. मोबाईलवरची चित्रं दाखवू नका. आपल्याला काय पाहिजे ते सांगण्याआधी त्यांना चुंबक फिरवू द्या. आणि वायरिंग तुमचं तुम्ही करून घ्या, हे परत सांगतो.

सध्या माझं एकच काम बाकी आहे, उजव्या दाराची काच चाळीसच्या वर खडखडते. आत काचेची पट्टी झिजलीय, तशी मिळत नाही, बनवावी लागेल. मिस्त्री म्हणालेत गणपतीनंतर घेऊन या. कुठल्या गणपतीनंतर ते मी विचारलेलं नाही, तोपर्यंत विडीच्या पाकिटाचा पुठ्ठा दुमडून फटीत घातलाय, तो पण त्यांनीच दिलेला.